‘बिर्योझा’ हा ‘भूर्ज’चा अपभ्रंश नव्हे

रशियन भाषेतील बर्च वृक्षाचे ‘बिर्योझा’ हे नाव संस्कृत ‘भूर्ज’चा अपभ्रंश आहे, ‘भूर्जे’ आणि ‘बिर्योझे’ ही सप्तमीची रूपे त्याला पुरावा आहेत आणि सालीवर लिहिण्याची कलाही भारतातूनच तिकडे गेली, असा मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो. दोन्ही शब्दांचे मूळ एक आहे, एवढाच त्यातला खरा भाग.

अपभ्रंशाचा दावा ‘ज’पाशीच अडतो. संस्कृत, रशियन, लिथुआनियन अशा भाषांची समान पूर्वज असलेल्या मूळ भारोपीय भाषेतले निरनिराळे ध्वनी संस्कृतच्या ‘ज’मध्ये येऊन मिसळले आहेत, ‘ज्ञा’तला आणि ‘जीव’मधला ‘ज’ मुळात एक नव्हते. रशियन, पोलिश, सर्बियन आदी स्लाव्ह भाषांनी मात्र तो भेद राखला आहे: रशियनमध्ये ‘जाणणे’ या अर्थाच्या शब्दाच्या आरंभी दंत्य ‘झ’ येतो, तर ‘जिवंत’ या अर्थाच्या शब्दाच्या आरंभीचा ध्वनी त्याहून निराळा आहे. संस्कृतात एकरूप झालेले हे ध्वनी संस्कृतातून शब्द घेणाऱ्या भाषेला पुन्हा अचूक वेगळे कसे करता आले, याचे उत्तर या मजकुरात नाही. ‘बिर्योझा’तला ‘झ’ हा ‘ज्ञा’च्या गटातला आहे. स्वरही तेच सांगतो. रशियन ‘बिर्योझा’, पोलिश ‘ब्झोझा’ आणि सर्बियन ‘ब्रेझा’ यांची तुलना केली की या भाषांच्या समान पूर्वज भाषेतले, म्हणजे आद्यस्लाव्ह रूप *बेर्झा असे सिद्ध होते (तारका हे रूप तुलनेने अनुमानित असल्याची खूण). त्यातला ‘ए’ लिथुआनियन ‘बेर्झास’मध्येही आहे, पण संस्कृतच्या ‘भूर्’मध्ये नाही.

सप्तमीचा पुरावा वरवर आकर्षक वाटतो खरा. परंतु भूर्ज हे अकारान्त पुल्लिंगी नाम, तर *बेर्झा हे आकारान्त स्त्रीलिंगी. म्हणजे तुलना करायचीच तर ती ‘माला’शी करावी लागेल, आणि मालाची सप्तमी ‘मालायाम्’ होते. शिवाय स्लाव्ह रूपातला शेवटचा ‘ए’ जुन्या ‘आइ’पासून आला असून चतुर्थीचे रूपही तेच आहे, संस्कृतात ‘भूर्जाय’ आणि ‘भूर्जे’ वेगळी आहेत. गंमत अशी, की पुल्लिंगी ‘बेर्झास’ या बाबतीत भूर्जाला अधिक जवळचे आहे, पण लिथुआनियनचा उल्लेख या मजकुरात कुठेच येत नाही.

लेखनकलेबद्दल थोडक्यात. रशियातील नोव्गोरोद शहराच्या उत्खननात 1951पासून सापडत आलेली सालीवरची पत्रे टोकदार लेखणीने कोरलेली आहेत, तर काश्मीरची भूर्जपत्रे शाईने लिहिलेली आहेत. आणि बर्चची झाडे रशियात उदंड असल्याने साल वापरण्याची कल्पना बाहेरून यावी लागत नाही.