‘हाउस’ विटांचे, ‘होम’ मायेचे आणि मराठीत मात्र एकच ‘घर’?

गृहप्रवेशाच्या शुभेच्छांबरोबर गेली काही वर्षे एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा : हाउस विटांचे असते, होम माणसांचे असते. इंग्रजांनी हा फरक ओळखला आणि त्यासाठी दोन वेगळे शब्द केले. म्हणून घर सांभाळणाऱ्या बाईला हाउसवाइफ म्हणू नये, कारण तिचे लग्न विटांशी झालेले नाही. मराठीत मात्र दोन्हींना एकच शब्द, घर. म्हणूनच फ्लॅटची किल्ली हातात आली की आपल्याला घर झाले असे वाटते. हा मजकूर मला तीन-चार ठिकाणांहून आला आणि प्रत्येक वेळी पाठवणाऱ्याने ‘किती खरे आहे’ असेच खाली लिहिले होते. माझे रोजचे काम इंग्रजीतून मराठीत अनुवाद करण्याचे असल्यामुळे या दोन शब्दांशी माझी गाठ सतत पडते, आणि या मजकुरातले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

जेवढे बरोबर आहे तेवढे आधी मान्य करायला हवे. आजच्या इंग्रजीत या दोन नामांच्या अर्थात फरक आहेच. एखादी मुलगी ‘हाउस’ सोडून गेली असे लिहिले तर ती भाजी आणायला बाहेर पडलेली असू शकते; ती ‘होम’ सोडून गेली असे लिहिले तर तिने आईवडिलांचे छत्र सोडले, असाच अर्थ होतो. पहिल्या शब्दाचा ओढा वास्तूकडे आणि दुसऱ्याचा आपलेपणाकडे आहे, हे खरे. पण ओढा असणे वेगळे आणि दोन्हींमध्ये भिंत असणे वेगळे.

हाउस म्हणजे नुसती वास्तू, हे पहिले विधान घेऊ. ब्रिटनच्या राजघराण्याने १९१७ साली जर्मन नाव टाकून ‘हाउस ऑफ विंडसर’ हे नाव घेतले, तेव्हा ते कोणत्या इमारतीचे नाव नव्हते, कुळाचे होते. मराठीत आपण तिथे ‘घराणे’ म्हणतो. ‘हाउस ऑफ कॉमन्स’ ही भिंतींची नव्हे, निवडून आलेल्या माणसांची सभा आहे. नाट्यगृहाबाहेर ‘हाउसफुल्ल’ची पाटी लागते तेव्हा भरलेले असतात ते प्रेक्षक. आपल्याकडे जनगणनेत ‘हाउसहोल्ड’ कशाला म्हणायचे याची व्याख्याच आहे : एरवी एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरातले जेवणारी माणसे. त्यात नातेसंबंधाचीसुद्धा अट नाही. म्हणजे ज्या शब्दात ‘हाउस’ आहे त्याची ओळख इथे भिंतींनी नव्हे, चुलीने ठरते.

यापेक्षाही जुना दाखला इंग्लंडच्या न्यायालयातला आहे. १६०४ सालचा सेमेन खटला एडवर्ड कोक या इंग्रज कायदेपंडितांनी नोंदवून ठेवला आहे. प्रत्येकाचे घर हे त्याचा गड असते, हे सुप्रसिद्ध तत्त्व त्यात मांडलेले आहे, आणि हा गड इजेपासून व दांडगाईपासून बचावासाठी जितका आहे तितकाच विसाव्यासाठी आहे, असे तिथे म्हटले आहे. मूळ वाक्यातला शब्द ‘हाउस’ आहे. आज तीच म्हण सांगताना बरेच इंग्रज ‘होम’ म्हणतात. म्हणजे विसावा, निर्धास्तपणा, आपली हक्काची जागा हे सगळे त्या काळी ‘हाउस’ या शब्दात सुखेनैव मावत होते.

‘होम’ हा शब्द मुळापासूनच मायेचा आहे, हे गृहीतकही टिकत नाही. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप ‘हाम’ असे होते आणि राहण्याचे ठिकाण, वाडी, वस्ती, गाव असे त्याचे अर्थ होते. बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम या नावांच्या शेवटी तोच ‘हाम’ उरला आहे. गॉथिक ही इंग्रजीच्या नात्यातली, आता लोपलेली भाषा; तिच्यातल्या चौथ्या शतकातल्या बायबलात या शब्दाचे भावंड ‘हाइम्स’ सरळ खेडे या अर्थाने येते, आणि जुन्या नॉर्समधल्या, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतल्या, ‘हेइम्र’चा अर्थ तर जग इतका पसरलेला आहे. माणूस ज्या वस्तीचा, ती वस्ती म्हणजे होम. मायेचा अर्थ या शब्दाला चिकटला, पण तो वस्तीच्या अर्थावर मागाहून चढलेला थर आहे. आपला अर्थ आणखी ताणून तो शब्द देशापर्यंतही गेला. ब्रिटनमध्ये १७८२ साली परदेशाचा कारभार आणि देशांतर्गत कारभार अशी विभागणी झाली, तेव्हा दुसऱ्या खात्याला ‘होम’ हे नाव मिळाले; आपले गृहखाते हा त्याचाच शब्दशः अनुवाद, आणि पोलिसांशी ‘गृह’ या शब्दाचा काय संबंध, या शाळकरी प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे. टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग स्थापन केली, तिच्या नावातला ‘होम’ म्हणजे आपला देश. दुसरीकडे नर्सिंग होम ही खाटांची आणि बिलांची जागा आहे, तर होम लोन हे ज्या फ्लॅटवर मिळते तिथे अजून दिवाही लागलेला नसतो. यातल्या कुठल्याही ‘होम’मध्ये ऊब शोधून सापडणार नाही.

हाउसवाइफ या शब्दाबद्दलचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात व्युत्पत्तीच्या नावावर एका पिढीच्या बायकांना उगाचच वाईट वाटायला लावले जाते. या शब्दातल्या ‘वाइफ’चा मूळ अर्थ पत्नी नसून नुसता ‘स्त्री’ असा आहे. तेराव्या शतकापासून हा शब्द सापडतो आणि घरादाराचा कारभार पाहणारी बाई असा त्याचा अर्थ होतो. ‘हजबंड’ हा शब्दसुद्धा याच कुळातला. जुन्या नॉर्समध्ये ‘हूस’ म्हणजे घर आणि ‘बोंडी’ म्हणजे घर-जमीन राखून राहणारा. हाउसवाइफ विटांशी लग्न लागलेली असेल, तर हजबंडही त्याच विटांचा धनी ठरेल. पुढे या शब्दाची फरफट झाली, हे मात्र खरे. उच्चार झिजून त्याचा ‘हसी’ झाला आणि उठवळ बाईला लावायची ती शिवी झाली. त्याच शब्दाचा ‘हसिफ’ असा दुसरा उच्चार मात्र सुई, दोरा, बटणे ठेवायच्या कापडी गुंडाळीला मिळाला, आणि ती गुंडाळी सैनिक आपल्या सामानात बाळगत. एकाच शब्दाचे एक टोक शिवीत आणि दुसरे शिपायाच्या पाठपिशवीत जाऊन पडले. विटा यात कुठेच नाहीत. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली लिंगभेदी भाषेविषयी जी पुस्तिका काढली, तिच्यात हाउसवाइफऐवजी होममेकर हा शब्द सुचवला आहे. ज्यांना तो पसंत आहे त्यांनी तो जरूर वापरावा. शब्द बदलण्याला आजच्या वापरातली कारणे पुरेशी आहेत. त्यासाठी खोटी व्युत्पत्ती लागत नाही.

आता राहिले ते मराठीचे. घर हा एकच शब्द असल्यामुळे आपल्याला वास्तू आणि आपलेपणा यांतला फरक करता येत नाही, हे विधान वाचून मला खरोखर वाईट वाटते, कारण ते लिहिणारा माणूस दिवसातून वीस वेळा हा फरक करत असतो आणि त्याला त्याचा पत्ता नसतो. इंग्रजी जो फरक दोन नामांनी करते, तो मराठी प्रत्ययांनी करते. ‘घरचा’ आणि ‘घराचा’ हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहावेत. घराचा दरवाजा नीट बंद होत नाही; पण पळून जाऊन लग्न केले म्हणून एखाद्याला घरचे दरवाजे बंद होतात. पहिल्या वाक्याला सुतार लागतो, दुसऱ्याला मध्यस्थ. घराचे हप्ते असतात, घरचे प्रश्न असतात. घराचे छप्पर, पण घरचे जेवण. ‘घरचे काय म्हणतात?’ या प्रश्नात माणसे हा शब्द उच्चारावाही लागत नाही. सगळा फरक एका कान्याचा आहे.

तीच गोष्ट ‘घरी’ आणि ‘घरात’ यांची. पडक्या घरात वटवाघळे राहतात. ती पडक्या ‘घरी’ राहतात असे कोणी म्हणणार नाही, कारण ‘घरी’ म्हणायला तिथे कोणाचा तरी संसार लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला, तेव्हा सांगलीच्या एका मित्राला फोन लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी तो लागला आणि तो एवढेच म्हणाला, ‘घरी सगळे सुखरूप आहेत, घरात मात्र छातीएवढं पाणी आहे.’ त्या घाईतही त्याच्या तोंडून दोन वेगळी रूपे अचूक निघाली, आणि ती त्याला कोणी शिकवलेली नव्हती. या वाक्याचा इंग्रजी अनुवाद करायचा झाला तर पहिल्या ठिकाणी होम आणि दुसऱ्या ठिकाणी हाउस हेच शब्द घ्यावे लागतील.

‘घरून’ आणि ‘घरातून’ यांचेही असेच आहे : वसतिगृहातल्या मुलाला घरून पैसे येतात, आणि चोरी होते तेव्हा पैसे घरातून जातात. ही व्यवस्था सगळीकडे काटेकोर पाळली जाते असे नाही. ‘आमच्या घरात कोणी तंबाखू खात नाही’ या वाक्यातले ‘घरात’ कुटुंबाकडेच बोट दाखवते. म्हणजे इंग्रजीतल्या हाउसप्रमाणे मराठीतले ‘घरात’ही कधी कधी कुंपण ओलांडते. मात्र हा फरक एकट्या घर या शब्दापुरता नाही. दारची तुळस आणि दाराची कडी, गावचा पाटील आणि गावाची वेस, या जोड्या त्याच साच्यातल्या आहेत. मुंबईतला कोकणी चाकरमानी ‘गावी जातो’ म्हणतो तेव्हा तो गणपतीला मूळ घरी निघालेला असतो. तिथे पोहोचल्यावर बाजारहाट करायला तो ‘गावात’ जातो. मुंबईतल्या जागेला त्याचे आजोबा खोली म्हणत, बिऱ्हाड म्हणत. घर म्हणत ते कोकणातल्या घरालाच. ज्या वस्तीचे आपण, ती वस्ती, हा जुन्या ‘हाम’चा अर्थ ‘गावी’ या शब्दात मला जितका जिवंत दिसतो, तितका तो आजच्या इंग्रजीतही दिसत नाही.

शब्द एकच असला म्हणून विचार एकच राहतो, हे तर आपल्या म्हणींनीच खोटे पाडले आहे. ‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ या म्हणीतले पहिले घर म्हणजे दिवस, माणसे, नशीब. दुसरे घर म्हणजे लाकूडकाम, आणि तिथे रूपही ‘घराचे’ हेच आले आहे. संस्कृतातले ‘न गृहं गृहमित्याहुर्गृहिणी गृहमुच्यते’ हे सुभाषित सर्वांच्या कानावरून गेलेले असते : घराला घर म्हणत नाहीत, गृहिणीलाच घर म्हणतात. घराचा सगळा भार एका बाईवर टाकणारा त्यातला विचार मला पटत नाही, पण वास्तू आणि आपलेपणा यांतला भेद ‘गृह’ या एकाच शब्दाने त्यात किती नेमका केला आहे, हे पाहण्यासारखे आहे.

फ्लॅटची किल्ली हातात आली की आपल्याला घर झाले असे वाटते, हे त्या मजकुरातले शेवटचे वाक्य. प्रत्यक्षात लोक काय बोलतात ते ऐकावे. किल्ली मिळाली की ‘ताबा मिळाला’ म्हणतात. ओट्याच्या फरशा बसत असताना, भिंतींना पुट्टी लागत असताना नातेवाइकांना ‘एकदा घर बघायला या’ म्हणतात. मग सामान जाते, वास्तुशांत होते, दूध उतू जाते, पहिली रात्र जमिनीवर गाद्या टाकून निघते. त्यानंतर तीच माणसे त्याच नातेवाइकांना फोन करतात, आणि आता म्हणतात, ‘घरी या.’