उपग्रहाला ताप मोजायचा नसतो

छोट्या उपग्रहांबद्दल एक दावा सध्या बराच फिरतो आहे: "ताप मोजायच्या बंदुकीतला अवरक्त सेन्सर अर्ध्या अंशाने चुकतो, तो उपग्रहाचा रोख काय सांगणार? रात्री तो आंधळा, ढग त्याला फसवतात. ताऱ्यांचे फोटो घेऊन रोख ओळखणाऱ्या कॅमेऱ्याला, म्हणजे स्टार ट्रॅकरला पर्याय नाही."

"अर्ध्या अंशाने चुकतो." चुकू दे. इथे तापमान हवंय कुणाला? थर्मोपाइलने, म्हणजे बंदुकीतल्या त्याच अवरक्त सेन्सरने, शोधायची असते ती पृथ्वीची कड. तिच्या एका बाजूला सरासरी 255 केल्विनची पृथ्वी, दुसऱ्या बाजूला 3 केल्विनहूनही थंड अवकाश. अडीचशे अंशांच्या या दरीत अर्धा अंश किरकोळ. 5 अंश दृष्टिक्षेत्राचा सेन्सर कडेवर रोखला, की त्यातला किती भाग पृथ्वीने व्यापलाय त्यानुसार सिग्नल वरखाली होतो. त्यातला बदल शंभरात तीन भागांइतका बारीक ओळखता आला, तरी रोख दीड-दोन दशांश अंशात सापडतो.

"रात्री आंधळा." आंधळा होतो तो सूर्यसंवेदक. 500 किमी उंचीवर फेरी साधारण 95 मिनिटांची, आणि त्यातली 35 पर्यंत सावलीत जातात. पृथ्वी मात्र स्वतःच्या उष्णतेनेच अवरक्तात झळकत असते. या सेन्सरला खरा त्रास सूर्य थेट नजरेत आला की होतो, म्हणजे नेमका उलटा.

"ढग फसवतात." हा आक्षेप मात्र दमदार आहे. महागडे क्षितिजसंवेदक 15 मायक्रॉनच्या आसपास, कार्बन डायऑक्साइडच्या पट्ट्यात बघतात. तिथे पृथ्वी बरीच एकसारखी दिसते. स्वस्त सेन्सरचा फिल्टर बहुधा 14 मायक्रॉनच्या अलीकडचा असतो, त्यामुळे त्याला जमीन आणि ढगमाथे वेगवेगळे दिसतात. 220 केल्विनच्या ढगाकडून 300 केल्विनच्या वाळवंटाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही सिग्नल येत नाही. एकच ठरावीक पातळी धरून कड शोधणारा इथे हमखास आपटतो. म्हणून सेन्सर तीन लावतात: एक पूर्ण पृथ्वीवर, एक पूर्ण अवकाशावर, एक कडेवर. कडेचं वाचन इतर दोघांच्या तुलनेत मोजलं, की ढगाचा बराचसा परिणाम निघून जातो. सगळा नाही, कारण पृथ्वीवरचा सेन्सर कडेच्या शेजारचा भाग बघतो, नेमका तोच नाही. मार्च 2015 मध्ये अंतराळस्थानकातून सोडलेल्या एमआयटीच्या मायक्रोमास या क्यूबसॅटवर (ठोकळ्यासारख्या छोट्या उपग्रहावर) थर्मोपाइलचेच क्षितिजसंवेदक होते.

"स्टार ट्रॅकरला पर्याय नाही." आर्कसेकंदांची, म्हणजे अंशाच्या 3600व्या भागांची अचूकता हवी असेल तर नाहीच. पण प्रक्षेपकापासून सुटल्यावर गिरक्या घेणाऱ्या उपग्रहात ताऱ्यांच्या रेघा ओढल्या जातात आणि ट्रॅकर गोंधळतो. तेव्हा पृथ्वी कुठे आहे एवढं कळलं तरी पुष्कळ.

गंमत म्हणजे, या पद्धतीची खरी उणीव दाव्यात आलेलीच नाही. क्षितिजावरून पृथ्वीचं केंद्र कोणत्या दिशेला ते कळतं. त्या रेषेभोवती उपग्रह किती फिरलाय ते कळत नाही, कितीही थर्मोपाइल लावले तरी. तिसरा कोन चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या मॅग्नेटोमीटरकडून घ्यावा लागतो, किंवा उजेडात सूर्यसंवेदकाकडून.