काळ्याच्या जरा अलीकडचा हिरवा

इंजिन ठरायला दहा मिनिटं लागली. कर्ज मंजूर व्हायला चार दिवस. रंग ठरायला अकरा आठवडे लागले आणि त्यातले शेवटचे दोन शिलाईच्या दोऱ्यावर गेले.

"एवढी महागडी गाडी आयुष्यात एकदाच घेणार, तर ती मनासारखी हवी," असं मी शोरूममध्ये बोलून गेलो. हे तिथे मोठ्याने बोलायचं नसतं. समोरच्या पोराचे डोळे चमकले. त्याने भिंतीएवढ्या पडद्यावर गाडी आणली, एका बोटाने गरगर फिरवली आणि विचारलं, "सर, कुठला रंग बघूया?"

"निळा."

निळे सात निघाले. त्यातला नुसता 'निळा' असा एकही नव्हता. एक मध्यरात्रीचा, एक हिमनदीचा, एक कुठल्याशा आखाताचा. राखाडीच्या नावांत तर राख सोडून सगळं होतं: खडू, शिसं, धुकं, ग्रॅफाइट. रंगांना नावं ठेवणारं एक स्वतंत्र खातंच त्या कंपनीत असणार. रंगांना नावं ठेवायचा अनुभव मलाही आहे, पण तो वेगळ्या अर्थाने. आपल्याकडे मोरपंखी म्हटलं की मोर दिसतो, शेवाळी म्हटलं की पाय घसरतो. आखात म्हटल्यावर मला फक्त भूगोलाचा पेपर आठवला.

१९१४ ते १९२५ या काळात फोर्डची मॉडेल टी फक्त काळ्या रंगात निघायची. लाखो लोकांनी ती घेतली आणि रात्री शांत झोपले. आज रोल्स-रॉइसवाले सांगतात, आमच्याकडे ४४,००० रंग तयार आहेत, पसंत नसतील तर नवा बनवून देऊ. मी हिशेब केला. रोज दहा रंग पाहिले तरी सगळे पाहून व्हायला बारा वर्षं. माझ्या गाडीला एवढे नव्हते, हे माझं नशीब.

रंग म्हणजे तरी काय, हेही त्या पोराने समजावलं. साधा, मेटॅलिक आणि पर्ल. मेटॅलिकमध्ये अॅल्युमिनियमचे बारीक कण असतात, पर्लमध्ये अभ्रकाचे, आणि सगळ्यांवर पारदर्शक क्लिअर कोट. प्रायमरपासून वरच्या चकाकीपर्यंतचा हा अख्खा संसार साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे दोन केस एकावर एक ठेवले तर भरेल एवढा. माझ्या डोक्यावर उरलेले केस या दोन केसांपायी गेले.

घरी जाऊन बघा म्हणून त्याने नमुने दिले. साबणाच्या वडीएवढे, पाठ फुगलेले पत्र्याचे तुकडे. पाठ फुगलेली कशासाठी, तर वळणावर उजेड कसा पळतो ते कळावं म्हणून. मग मी तो उजेड पळताना पाहू लागलो. उन्हात, ट्यूबलाइटखाली, न्हाणीघरात, आणि पहाटे सहाला लेंग्यात गच्चीवर. दोन रंग एका उजेडात जुळे भाऊ वाटतात आणि दुसऱ्या उजेडात एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. याला मेटामेरिझम म्हणतात हे मला तेव्हाच कळलं. आमच्या घराण्यात हा प्रकार वाटणीच्या वेळी पाहिला होता, नाव माहीत नव्हतं. शिवाय वडीएवढ्या तुकड्यावर गप्प बसलेला रंग अख्ख्या गाडीवर पसरला की आरडाओरडा करतो म्हणे. म्हणजे नमुना पाहून काही कळत नाही, एवढं नमुने पाहून कळलं.

घरच्यांनी मदत केली. ही म्हणाली, "पांढरी घ्या, कमी तापते." खरं होतं, म्हणून मी विषय बदलला. मुलाला मॅट हवी होती. मॅट रंगाला पॉलिश चालत नाही, ओरखडा पडला तर घासून घालवता येत नाही. थोडक्यात, त्याच्यासारखीच, काही बोलायची सोय नाही. मेव्हणे म्हणाले, "सिल्व्हर घ्या, धूळ दिसत नाही." आयुष्यातली सगळ्यात महाग वस्तू घ्यायची आणि धूळ दिसू नये म्हणून ती धुळीच्याच रंगाची घ्यायची, हे मला काही झेपेना. काळीचा मोह मात्र झाला होता. धुतल्यावर पहिली वीस मिनिटं काळ्या गाडीसारखी गाडी जगात नाही. पुढे मग उन्हात उभी केली की फडक्याचा प्रत्येक फेरा कोळ्याच्या जाळ्यासारखा उमटलेला दिसतो.

अखेर एका रात्री दोन वाजता हिरवा सापडला. पूर्वी शर्यतीत देशागणिक रंग असत: इटलीचा लाल, फ्रान्सचा निळा, ब्रिटनचा हिरवा. १९०३ ची गॉर्डन बेनेट शर्यत आयर्लंडमध्ये झाली, तेव्हा यजमानांच्या मानाखातर ब्रिटिश गाड्या हिरव्या रंगवल्या असं सांगतात. झालं. सिग्नल हिरवा झाल्यावरही मागच्याने हॉर्न वाजवल्याशिवाय न हलणारा माणूस मी, पण शर्यतीचा हिरवा म्हटल्यावर छाती फुगली. गडद, मेटॅलिक, काळ्याच्या जरा अलीकडचा हिरवा. उन्हात नमुना धरला की पाचूसारखा पेटायचा.

"बाहेरचं ठरलं," मी विजयी मुद्रेने सांगितलं.

"पण अहो, गाडीत बसल्यावर बाहेरचा रंग तुम्हाला दिसणार कुठे? आतला आधी ठरवायचा ना."

हे अकरा आठवड्यांतलं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य होतं आणि ते आठव्या आठवड्यात आलं.

आतली भानगड बाहेरच्यापेक्षा मोठी. मला पांढरट, मऊसूत नापा लेदर हवं होतं. पोरगा हळूच म्हणाला, "सर, जीन्स घालता?" नव्या जीन्सचा निळा रंग फिकट लेदरवर उतरतो. म्हणजे गाडीत बसायचं तर आधी पँट कुठली हे बघायचं. मग डॅशबोर्ड तरी फिकट घ्यावा, तर त्याचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि रस्त्याच्या जागी आपलीच पसंती दिसत राहते. मधल्या पट्टीला चकचकीत 'पियानो ब्लॅक'. पियानो कुठे नाही, बोटांचे ठसे मात्र मैफल झाल्यासारखे. अल्कांतारा हे चामडं नसून १९७० च्या सुमारास जपानमध्ये शोधलेलं कृत्रिम कापड आहे, हे मला पुरतं पटवल्यावर त्याने ते चामड्याहून महाग असल्याचं सांगितलं. शिवाय आत ६४ रंगांचे दिवे. "हे नंतर रोज बदलता येतात सर," तो म्हणाला. त्या घडीला मला तो देवासारखा भासला.

सरतेशेवटी तपकिरी लेदर आणि अक्रोडाचं लाकूड ठरलं. उरला दोरा. तपकिरीवर तपकिरी, की हिरवा, की फिकट? पाच दोऱ्यांची गुंडाळी खिशात घालून मी दोन आठवडे हिंडलो. कचेरीत एकाने हळहळून विचारलं, "शर्टाचं बटण तुटलं का?" हिरवा घेतला. त्यातला सगळ्यात देखणा टाका स्टिअरिंगवर आहे, नेमका माझ्या तळव्याखाली.

'आता बदल करता येणार नाहीत' असं पत्र आलं, त्याच रात्री स्वप्नात निळी गाडी आली. आखाताची.

काही महिन्यांनी शोरूममध्ये कापड ओढलं गेलं. दिव्यांच्या झोतात ती हिरवीगार लखलखली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मुलाने ते व्हिडिओत घेतलं. बाहेर आलो तर आभाळ भरून आलेलं. गडद मेटॅलिकचे कण थेट उजेड पडला तरच जागे होतात. गाडी ठार काळी.

संध्याकाळी शेजारचे काका खाली भेटले. "वा! काळी घेतलीत. काळ्याला तोड नाही बघा."

"हिरवी आहे."

"काय?"

"गाडी."

काकांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जरा काळजीने. मी मोबाइलची बॅटरी लावली आणि बॉनेटच्या कडेला धरली. "इथे बघा, वळणावर. खाली वाका जरा." काका चश्मा कपाळावर सरकवून वाकले. मी बॅटरी डावीकडे नेली, उजवीकडे नेली. आम्ही दोघं गुडघ्यांवर हात टेकून बराच वेळ तसेच उभे होतो.

वरून गॅलरीतून हिचा आवाज आला, "अहो, काय हरवलं?"

काकांनी वाकल्या वाकल्याच उत्तर दिलं, "काही नाही वहिनी, हिरवा शोधतोय."