‘लेडी मॅक्लिओड’ तिकिटाबद्दल खुलासा

निळ्या कागदी चौकोनात पांढरी वाफेची बोट असलेल्या एका जुन्या टपाल तिकिटाचे चित्र सध्या फिरते आहे. सोबतचा मजकूर सांगतो की, इंग्लंडहून टपाल आणणाऱ्या जहाजाचे हे तिकीट १८४७ साली त्रिनिदाद सरकारने काढले आणि ब्रिटिश वसाहतींतले हे पहिले सरकारी तिकीट. साल बरोबर आहे, बाकी नाही.

‘लेडी मॅक्लिओड’ या बोटीने कधी इंग्लंडचे टपाल आणले नाही. पोर्ट ऑफ स्पेन ते सॅन फर्नांडो, म्हणजे त्रिनिदाद या एकाच बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर तिची ये-जा असे. प्रवासी, माल आणि पत्रे ती नेई. नाव गव्हर्नर सर हेन्री मॅक्लिओड यांच्या पत्नीचे, म्हणून बोट सरकारी वाटते. पण १८४७ मध्ये मालक होते डेव्हिड ब्राइस, आणि तिकीटही त्यांचेच, खासगी. एक तिकीट पाच सेंटला, शंभर घेतली तर चार डॉलरना. तिकीट न लावता रोख पैसे देणाऱ्याला पत्रामागे दहा सेंट पडत.

तिकीटच नीट पाहा ना! त्यावर देशाचे नाव नाही, किंमत नाही. बोटीखाली फक्त तिच्या नावाची आद्याक्षरे. वापरलेल्या तिकिटांवर बहुधा पेनाने मारलेली फुली दिसते, नाहीतर कोपरा उचकटलेला.

त्रिनिदादची सरकारी तिकिटे १८५१ मध्ये आली, ब्रिटानियाच्या, म्हणजे ब्रिटनचे प्रतीक मानलेल्या स्त्रीच्या, चित्राची. वसाहतींतल्या पहिल्या सरकारी तिकिटांचा मान मॉरिशसचा, सप्टेंबर १८४७. ब्राइस यांचे तिकीट त्याआधीचे, एप्रिलमधले, आणि मला वाटते घोटाळा इथूनच सुरू झाला.