युरोला शंभरनं गुणणं मी सोडलं

२०२५ च्या जून-जुलैत लेकीकडे जर्मनीत राहून आले. सांगलीत परतल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "तिकडं लई महागाई असेल की ओ?"

पहिले पंधरा दिवस मलाही तसंच वाटायचं. युरो तेव्हा शंभर रुपयांच्या घरात, त्यामुळं हिशेब तोंडावरच. कोथिंबिरीच्या चार काड्या दीडशे रुपयांना! हातात घेतलेली परत ठेवली. लेक म्हणाली, "अगं आई, रुपयात नको मोजूस, तासात मोज."

मोजलं. तिथं तेव्हा किमान मजुरी तासाला १२.८२ युरो, लिटरभर दूध साधारण एक युरो. म्हणजे सगळ्यात कमी पगाराच्या माणसालाही दुधासाठी पाच मिनिटं काम. कर कापून गेला तरी सहा-सात धरा. आपल्याकडं त्याच वर्षी रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये. आठ तासांचा दिवस धरला तर साठ रुपयांचं दूध म्हणजे दीड तासाची मजुरी. मग स्वस्त कुठं आहे?

तिकडं सगळं परवडतं असं नाही. घरभाडं जीव काढतं. केस कापणं, हॉटेलात जेवणं, जिथं माणसाचा हात लागला तिथं दर चढला. तो चढायलाच हवा, असं माझं आता ठाम मत झालंय. आपली भाजी स्वस्त, कारण ती भांगलणाऱ्या बाईचा दिवस स्वस्त.

तिथल्या भारतीय दुकानात हळदीची शंभर ग्रॅमची पुडी दोन युरोला होती. किलोला दोन हजार झाले! माझ्या भावाची हळद आठ-नऊ महिने रानात. मग काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, आणि यार्डात सौद्याला न्यायची. हातात आले किलोला दीडशेच्या आत. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला अभिमान आहे. पण त्या पुडीवर गावाचं नाव शोधलं, नव्हतं.

परवा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात भांगलणीहून आलेली एक बाई माझ्यापुढं उभी होती. पायाला चिखल तसाच. "अण्णा, पन्नासाचं गोडेतेल द्या, वीसाची डाळ." किलो-लिटर नाहीच, रुपयातच माप. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. तेलाचा भाव जगाचा आणि हजेरी गावची. अण्णांनी तिच्या बाटलीत तेल ओतलं. तिनं बाटली उजेडाकडं धरून बघितली आणि म्हणाली, "गेल्या आठवड्यात हितवर आलं हुतं."