‘टोकन गेलं समजा’ हा सल्ला चुकीचा आहे

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज या वर्षात तिसऱ्यांदा आला. त्याचा गाभा असा: ‘फ्लॅटचं टोकन (बुकिंगची आगाऊ रक्कम) दिलं की ते पैसे विसरा. बुकिंग फॉर्मवर सही केली की विषय संपला. रद्द केलंत तर किमतीच्या दहा टक्के कापायचा हक्क बिल्डरला रेरानेच दिलाय. करार नोंदवलेला नसेल तर महारेरात कुणी विचारत नाही. आणि भांडायला गेलात तर टोकनापेक्षा वकील महाग पडतो.’ खाली अंगठ्यांची रांग. (रेरा म्हणजे बिल्डरांवर नियमन ठेवणारा केंद्रीय कायदा, आणि महारेरा म्हणजे त्याखालचं महाराष्ट्राचं प्राधिकरण.)

माझ्या मावसबहिणीने हाच सल्ला ऐकून दोन लाख रुपये सोडून दिले. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो.

आधी दहा टक्क्यांचं, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. रेरा कायद्याच्या कलम 13 मध्ये दहा टक्के हा आकडा आहे, पण तिथे तो बिल्डरला लगाम म्हणून आहे. विक्रीचा लेखी करार करून तो नोंदवल्याशिवाय घराच्या किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येणार नाही, एवढंच ते कलम सांगतं. घेण्यावरची मर्यादा मेसेजमध्ये कापण्याचा हक्क होऊन बसली आहे. जप्तीबद्दल त्या कलमात अक्षर नाही.

मग रद्द केल्यावर किती कापायचं? 2022 मध्ये महारेराने अलॉटमेंट लेटरचा, म्हणजे वाटपपत्राचा, नमुना ठरवून दिला. पत्र दिल्याच्या तारखेपासून पंधरा दिवसांत रद्द केलं तर कपात शून्य. सोळाव्या ते तिसाव्या दिवसापर्यंत घराच्या किमतीच्या 1 टक्का, एकतिसाव्या ते साठाव्या दिवसापर्यंत दीड टक्का, त्यानंतर 2 टक्के. रद्द करण्याचं पत्र बिल्डरला मिळाल्यापासून 45 दिवसांत उरलेली रक्कम परत, नाहीतर त्यावर स्टेट बँकेच्या कर्जदराहून दोन टक्के जास्त दराने व्याज.

ही टक्केवारी घराच्या किमतीवर आहे, भरलेल्या रकमेवर नाही, हे नीट लक्षात घ्या. पंचाहत्तर लाखांच्या फ्लॅटसाठी दोन लाख भरले आणि विसाव्या दिवशी रद्द केलं, तर पंचाहत्तर हजार कापून सव्वा लाख परत यायला हवेत. पण टोकन एक्कावन्न हजारांचं असेल आणि चाळीसावा दिवस उजाडला असेल, तर दीड टक्का म्हणजे एक लाख साडेबारा हजार. टोकन त्यात पूर्ण बुडतं. म्हणजे छोट्या टोकनाच्या बाबतीत मेसेज कधीकधी खरा ठरतो, पण तोही हातचे पंधरा दिवस घालवल्यावर.

आणि ते दिवस कसे जातात ते मी पाहिलंय. बहिणीचं कर्ज बँकेने नाकारलं. वाटपपत्राच्या नवव्या दिवशी तिने विक्री कार्यालयात फोन केला. तिथला मुलगा गोड बोलला, ‘ताई, काळजी करू नका, दुसरं गिऱ्हाईक लागलं की चेक काढतो.’ तिने विश्वास ठेवला. कागदावर एक ओळही लिहून दिली नाही. सात महिन्यांनी तिला सांगितलं गेलं की आमच्याकडे तुमचं रद्द करण्याचं पत्रच नाही. महारेराच्या नमुन्यात ‘दुसरं गिऱ्हाईक मिळाल्यावर’ अशी अटच नाही, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. नवव्या दिवशीच एक ईमेल आणि स्पीड पोस्टाने एक पत्र गेलं असतं, तर नमुन्याप्रमाणे सगळे दोन लाख मागता आले असते. आजही मला त्याचा राग येतो.

‘फॉर्मवर सही केली की विषय संपला.’ नाही संपत. छापील फॉर्मवर ‘नॉन रिफंडेबल’ लिहिलं म्हणून कोणतीही रक्कम गिळता येत नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 म्हणतं की करार मोडल्याबद्दल वाजवी भरपाई मिळेल, आणि करारात लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. 1963 साली सर्वोच्च न्यायालयासमोर एक लाख साडेबारा हजारांच्या मालमत्तेचा व्यवहार आला. विक्रेत्याने आधी हजार रुपये इसार, म्हणजे व्यवहार पक्का करण्याची रक्कम, आणि नंतर चोवीस हजार घेतले होते. इसाराचे हजार ठेवून घ्यायला न्यायालयाने हरकत घेतली नाही, बाकीचे चोवीस हजार दंड म्हणून जप्त करू दिले नाहीत. जानेवारी 2015 च्या निकालात तर समोर दिल्ली विकास प्राधिकरण होतं. 1982 च्या लिलावातल्या बोलीचे 78 लाख त्याने जप्त केले आणि तोच भूखंड पुढे 11.78 कोटींना विकला. जिथे नुकसानच झालं नाही तिथे जप्ती कसली, असं म्हणत न्यायालयाने ते 78 लाख नऊ टक्के व्याजासह परत करायला लावले. पुनर्विक्रीच्या घरासाठी इसार पावती केली असेल तर तिथे रेरा नाही, पण करार कायदा आहेच.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर माझाही मेसेज तसलाच होईल. फेब्रुवारी 2025 मध्ये गुरुग्रामच्या एका प्रकल्पाबाबत सर्वोच्च न्यायालयाने दहा टक्के कपात कायम ठेवली. ग्राहकाने बाजार उतरला म्हणून घर नाकारलं होतं. बिल्डरच्या करारात कपात वीस टक्के होती, ती एकतर्फी ठरली आणि दहावर आली. म्हणजे लेखी करार झाल्यावर, बिल्डरची चूक नसताना तुम्ही माघार घेतलीत, तर दहा टक्क्यांपर्यंत झळ बसू शकते. वाटपपत्राच्या टप्प्यावरचा आकडा वेगळा आणि कराराच्या टप्प्यावरचा वेगळा. मेसेज दोन्ही एकाच पातेल्यात ढवळतो.

‘करार नसेल तर महारेरात कुणी विचारत नाही’ हेही अर्धंच. घराचा ताबा वेळेत दिला नाही म्हणून व्याजासह परतावा मागायचा तर कलम 18 विक्रीच्या कराराबद्दल बोलतं, हे खरं. पण जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या माहितीवर भरवसा ठेवून कुणी आगाऊ रक्कम भरली असेल, तर कलम 12 त्याला प्रकल्पातून बाहेर पडून पूर्ण रक्कम व्याजासह मागू देतं. तिथे नोंदवलेल्या कराराची अट नाही. शिवाय बिल्डरला आपल्या वाटपपत्राचा मसुदा प्रकल्पनोंदणीच्या वेळीच द्यावा लागतो. पैसे देण्याआधी महारेराच्या संकेतस्थळावर तो उघडून रद्द करण्याचं कलम वाचा, आणि नमुन्याशी ताडून पाहा.

वकिलाच्या खर्चाचं थोडक्यात. महारेराची तक्रार ऑनलाइन होते, शुल्क पाच हजार रुपये, आणि स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. 2018 पासून सलोखा मंच आहे, तिथे ग्राहक संघटनेचा आणि बिल्डर संघटनेचा माणूस एकत्र बसून तडजोड घडवतात. आदेश होऊनही बिल्डरने पैसे दिले नाहीत तर वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. ही वसुली रेंगाळते, त्यात मी कुणाला खोटी आशा दाखवणार नाही.

करार नोंदवून मग रद्द केला असेल तर आणखी एक तारीख सांभाळा. रद्द करण्याच्या दस्ताची नोंदणी झाल्यापासून सहा महिन्यांत मुद्रांक शुल्काच्या परताव्याचा अर्ज करावा लागतो.

ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं तेव्हा दुसऱ्या विंगमधल्या एका काकूंनी विचारलं, ‘मुलाने परवाच टोकन दिलंय, वाटपपत्र आलंय, पण त्याची बदली झाली, आता काय?’ पत्रावरची तारीख पाहिली. अकरावा दिवस होता. त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे बसून रद्द करण्याचा ईमेल लिहिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मजकुराचं पत्र घेऊन त्या पोस्टात गेल्या.