जपानी दरबारातला तो 'मृदंग': फॉरवर्डमधलं खरं किती?

एक व्हिडिओ सध्या सगळीकडे फिरतोय, आमच्या पखवाजाच्या ग्रुपवर तर तीनदा आला. कपाळाला पट्ट्या बांधलेले पंधरा-वीस जण घामाघूम होऊन मोठमोठे ढोल वाजवतायत आणि खाली लिहिलंय की जपानच्या राजदरबारात १३०० वर्षं वाजणारा हा आपला मृदंग आहे, एका भारतीय भिक्षूने तो तिथे नेला आणि आजवर एक ठोकाही बदललेला नाही. ह्या वाद्यांवर माझा मनापासून जीव आहे म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी व्हिडिओ. तो दरबारी प्रकार नाहीच. असं घोळक्याने वाजवणं म्हणजे कुमिदाइको, आणि ते नागानो भागातल्या ओगुची दाइहाची ह्या जॅझ ड्रमरने १९५१ मध्ये सुरू केलं. ढोल जुने, पण लहानमोठे ढोल ड्रमसेटसारखे मांडून एकत्र वाजवायचे ही कल्पना त्याची. दरबारी संगीत म्हणजे गागाकू, तिथे तायको म्हणजे मोठा ढोल एकच असतो, गोल चौकटीत टांगलेला, वादक त्याच्यासमोर बसलेला. डाव्या काठीचा हलका ठोका, मग उजवीचा भारी, मग बराच वेळ काही नाही. आवर्तनात भारी ठोका बहुतेक वेळा एकच. आपल्यासारख्या समेची वाट बघणाऱ्यांना त्या थांबण्यात किती ताण असतो ते लगेच कळेल.

आता मृदंग. लोकांचा गोंधळ होतो तो काक्को नावाच्या वाद्यामुळे आणि फोटो बघितला तर होणारच, आडवा ठेवलेला, दोन तोंडांचा, दोरीने ताणलेला. पण जवळून बघा ना. त्याला पखवाजासारखी कातड्यावर काळी शाई नाही, दुसऱ्या तोंडाला कणीक लावत नाहीत, हाताने तर वाजवतच नाहीत, दोन बारीक काठ्या असतात. खोड जेमतेम ३० सेंटिमीटर. पखवाजात बोलांचं अख्खं जग आहे, इथे मुख्य प्रकार तीनच: सेई म्हणजे एक सुटा ठोका, काताराई म्हणजे एका हाताने हळू सुरू होऊन दाट होत जाणारे ठोके, आणि मोरोराई म्हणजे तेच दोन्ही हातांनी. तरी अख्ख्या वाद्यवृंदाची लय ह्याच माणसाच्या हातात, वेगळा कंडक्टर नसतो. हा ढोल चीनमध्ये मध्य आशियाकडून आला, थांग घराण्याच्या काळात कुचा ह्या मध्य आशियातल्या राज्याच्या संगीतात तो होता आणि सम्राट श्वानत्सोंग स्वतः वाजवायचा. मृदंगाची कॉपी म्हणून हे सगळं पुसून टाकायचं का?

भारताचा धागा शोधायचाच असेल तर सान-नो-त्सुझुमी बघा, कोरियाकडून आलेल्या कोमागाकूत वाजतो तो, डमरूसारखा कमरेत बारीक. असे ढोल भारतातून मध्य आशियामार्गे पूर्वेला गेले असं बरेच अभ्यासक मानतात. आपल्याकडे देवगिरीत लिहिलेल्या 'संगीतरत्नाकर' ह्या ग्रंथात हुडुक्का नावाचा ढोल आहे, तो ह्याच घराण्यातला.

भिक्षू मात्र खरा आहे. बोधिसेन, दक्षिण भारतातला, ७३६ मध्ये चंपाच्या (आजच्या व्हिएतनाममधलं जुनं राज्य) बुत्तेत्सु नावाच्या भिक्षूबरोबर जपानला पोचला आणि ७५२ मध्ये नारा इथल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी त्यानेच केला. पण दरबाराचं संगीत खातं ७०१ च्या कायद्यातच आलेलं होतं, म्हणजे तो येण्याच्या ३५ वर्षं आधी, आणि तिथे चिनी-कोरियन संगीत शिकवत होते. परंपरा रिन्यूगाकू म्हणजे चंपाकडच्या संगीताचं श्रेय बुत्तेत्सु आणि बोधिसेनला देते, ढोलाचं नाही.

आणि एकही ठोका बदलला नाही, हे वाचून तर मला खरंच वाईट वाटलं, कारण ह्या ढोलांचा अभ्यासच मुळात काय काय बदललं त्याचा आहे. नारा इथल्या शोसोइन भांडारात आठव्या शतकातली ढोलांची खोडं आहेत, एक तर चक्क भाजलेल्या मातीचं, हिरव्या-पिवळ्या झिलईचं, कमरेत बारीक. अशा कमरेत बारीक ढोलांचे, म्हणजे त्सुझुमीचे, पूर्वी चार आकार होते, त्यातले दुसरा आणि चौथा वापरातून गेले. नवव्या शतकात सगळी परकी संगीतं डावं (मुख्यतः चीनकडचं) आणि उजवं (मुख्यतः कोरियाकडचं) अशा दोन गटांत बसवली. १४६७ च्या ओनिन युद्धात क्योतोचे वादक पांगले. १८७० मध्ये तोक्योला नवीन खातं निघालं आणि १८७६ व १८८८ मध्ये वेगवेगळ्या घराण्यांच्या चिजा एकसारख्या करून लिहिल्या. बाराव्या शतकात फुजिवारा नो मोरोनागाने बिवा आणि कोतो ह्या तंतुवाद्यांसाठी लिहिलेल्या ग्रंथांत तायकोच्या ठोक्यांच्या खुणा आहेत, म्हणून जुनी लय आजच्याशी ताडून बघता येते. केंब्रिजच्या लॉरेन्स पिकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा जुन्या लिखाणावरून मांडलं की ह्या चिजा पूर्वी बऱ्याच वेगात वाजायच्या, शतकांमागून शतकं संथ होत गेल्या. सगळ्यांना हे पटलेलं नाही, पण प्रश्न किती मोठा आहे बघा.

ग्रुपवर टाकायचंच असेल तर 'कार्योबिन' शोधून टाका, रिन्यूगाकूतलाच नाच तो. पंख लावलेली चार मुलं, हातात छोट्या झांजा, आणि नाव आलंय आपल्या संस्कृत कलविंक पक्ष्यावरून.